आधी जमीन ऐकावी लागते

नांदेडला गोदावरीचं पाणी ओसरलं की काठच्या वाळूत बारीक काळ्या रेघा उमटलेल्या दिसतात. जुन्या स्पीकरमधला चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा आणि त्या रेघेवरून फिरवायचा. पिशवी उचलली की तिच्या बुडाला काळी भुकटी चिकटून उभी राहिलेली असते. हे मॅग्नेटाइट, लोहाचं खनिज. त्याला कुणी आणून टाकलेलं नाही. वरच्या अंगाच्या काळ्या दगडाची झीज होते, माती पाण्याबरोबर पुढे जाते आणि जड कण मागे राहतात. हाच चुंबक लोहा गावच्या एखाद्या नांगरटीत फिरवला, तरी भुकटी येते. अहमदपूरच्या माळावरही येते.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘जमीन’ असा कळवला, तेव्हा माझ्या मनात पीकपाणी आलं नाही, मेटल डिटेक्टर आला. लातूर-नांदेडच्या बाजूला गढीत, किल्ल्यात, नाहीतर कुणाच्या शेतात गुप्तधनासाठी रात्रीचं खोदकाम झाल्याची बातमी अधूनमधून येतेच. पूर्वी अशा बातमीत लिंबू, नारळ आणि मांत्रिक असायचे. आता त्यांच्या जोडीला ‘मशीन’ असते. मशीन वाजलं म्हणून लोक खोदतात. ते का वाजतं आणि कुणासाठी वाजतं, हे पाहायचं ठरवून मी निघालो.

सोबत होते लातूरचे एक तंत्रज्ञ. डाळ मिलमधली यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे. तुरीत खिळा, तार, नटबोल्ट येऊ नये म्हणून मिलमध्ये चुंबक आणि धातुशोधक बसवलेले असतात. दाणा ओला आला की तोच शोधक काही नसताना ओरडतो आणि त्याला पुन्हा जुळवावं लागतं, हे त्यांच्या रोजच्या कामातलं. जमिनीचंही असंच असतं, फक्त जमीन पाखडून घेता येत नाही, असं ते म्हणाले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणत होतो.

काळ्या दगडाची पाचर

हा सगळा भाग दख्खनच्या पठाराचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यांचा बेसॉल्ट झाला. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी तिथे 617 मीटर खोल विंधनविवर घेतलं. त्यात सुमारे 338 मीटरपर्यंत बेसॉल्ट लागला, मग गाळाचा पातळ थर आणि त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा फार प्राचीन खडक. पूर्वेकडे जावं तशी ही बेसॉल्टची जाडी कमी होत जाते. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व कडेला, देगलूर-बिलोलीच्या बाजूला ती संपते आणि खालचा ग्रॅनाइट उघडा पडतो. खाली दक्षिणेला बिदरकडे गेलं, तर बेसॉल्टच्या डोक्यावर तांबडा जांभा चढलेला आहे. बिदरचा किल्ला त्याच जांभ्यात बांधला आहे.

एका दिवसाच्या गाडीच्या अंतरात काळं रान, तांबडा जांभा आणि करडा ग्रॅनाइट. मेटल डिटेक्टर कसा जुळवायचा हे शिकायला याहून चांगली शाळा मला माहीत नाही.

भांड्याचा धडा

लोह्याजवळ ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर आम्ही थांबलो. शेत त्यांचं, परवानगी त्यांची. पुरायच्या वस्तूही आम्हीच आणलेल्या: तांब्याचा जुना पैसा, बैलाच्या खुराची पत्री, दोन इंची खिळा, गुटख्याच्या पुडीचा चकचकीत कागद. प्रत्येक वस्तू वीत-वीत खोल पुरली आणि जागेवर काडी रोवली.

यंत्र दिसायला साधं. हातभर दांडा, टोकाला थाळीएवढी चकती. चकतीत तारेची दोन वेटोळी असतात. एक वेटोळं सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र खाली सोडतं. खाली धातू असला की त्याच्या अंगात गोल फिरणारे प्रवाह निर्माण होतात, त्यांचं स्वतःचं क्षीण क्षेत्र तयार होतं आणि ते दुसऱ्या वेटोळ्याला कळतं. तत्त्व एवढंच. पण मॅग्नेटाइटही त्या क्षेत्राला प्रतिसाद देतं आणि पैशाच्या प्रतिसादाहून जमिनीचा प्रतिसाद कैक पटींनी मोठा असतो. पैसा एक आणि त्याच्या भोवती काळ्या मातीचं घमेलंच्या घमेलं.

सुटका होते ती वेळेतल्या फरकामुळे. वरचं क्षेत्र बदललं की मॅग्नेटाइट जवळजवळ त्याच क्षणी बदलतं. धातूतले प्रवाह किंचित मागे पडतात. हा मागेपुढेपणा यंत्र मोजू शकतं. म्हणून वापरणाऱ्याने आधी यंत्राला सांगायचं की इथली जमीन अशी बोलते, तेवढं वजा कर. तेल मोजण्याआधी दुकानदार रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो, तसंच हे काम. यंत्रवाले त्याला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात.

काकांनी ते करून दाखवलं. आधी धातू नसलेली हातभर जागा शोधायची. तिथे चकती जमिनीला समांतर धरून वीतभर उचलायची आणि दोन-तीन बोटांवर आणायची, पुन्हा उचलायची, पुन्हा आणायची. खाली जाताना आवाज चढला तर बटण एका बाजूला फिरवायचं, वर येताना चढला तर दुसऱ्या. खाली-वर दोन्हीकडे आवाज सारखा झाला की जमीन वजा झाली. बऱ्याच यंत्रांत हे आपोआप होतं आणि पडद्यावर आकडा येतो. प्रचलित यंत्रांपैकी एका प्रकारात 75 ते 95 च्या दरम्यानचा आकडा मॅग्नेटाइटसारख्या काळ्या खनिजांचा, 40 ते 75 तांबड्या-पिवळ्या लोहयुक्त मातीचा आणि 10 च्या आतला खारट ओलाव्याचा धरतात. आमचा आकडा 80 च्या वर गेला. शेजारी एक पट्टी असते, ती खनिज किती आहे ते दाखवते. आकडा जात सांगतो, पट्टी प्रमाण सांगते. नवशिके आकडा पाहतात आणि पट्टी विसरतात, ही काकांची तक्रार. इथे पट्टी जवळजवळ भरलेली होती.

जमीन जुळवण्याआधी आमच्या सगळ्या काड्यांवर आणि काड्या नसलेल्या जागांवरही यंत्र सारखंच वाजत होतं. जुळवल्यावर पत्री आणि खिळा ओळखू आले. पैसा वीतभर खोलीवर हलका, तुटक ऐकू आला आणि पडद्यावर त्याची ओळख लोखंडाकडे झुकलेली होती. हा काळ्या रानाचा गुण आहे. खोलवरच्या चांगल्या धातूला ही जमीन लोखंडाचा मुखवटा चढवते. लोखंड नको म्हणून यंत्रात ते आवाज बंद करून ठेवणाऱ्याला हा पैसा कधीच सापडला नसता.

मग काकांनी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे संवेदनक्षमता, कमी केली आणि पैसा अधिक स्पष्ट झाला. हे पहिल्यांदा ऐकताना उलटं वाटतं. पण जोर वाढवला की धातूबरोबर जमिनीचा गलकाही वाढतो आणि भारी खनिजाच्या जमिनीत गलका आधी वाढतो. मोठ्या चकतीऐवजी लहान चकती लावली, तेव्हाही असंच झालं. लहान चकतीच्या नजरेखाली माती कमी येते. तेवढा मातीचा आवाज कमी.

भेगा, ओल, चोपण

वैशाखातलं काळं रान म्हणजे भेगांचं रान. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. भेगेत हात सहज जातो. सुकलेली वरची माती त्या भेगांत पडत राहते, पावसाळ्यात सगळं पुन्हा फुगतं आणि आतली माती वर ढकलली जाते. वर्षानुवर्षं ही जमीन स्वतःला घुसळत असते. म्हणून पडलेली वस्तू इथे पडल्या जागी राहीलच असं नाही. गेल्या उन्हाळ्यात पडलेला नथीचा मोती नाहीतर अंगठी भेगेतून हातभर खाली गेलेली असू शकते. शेतात डाग हरवला की बायका दुसऱ्याच दिवशी त्या जागेची माती चाळणीने चाळतात. अनुभवाने शिकलेलं हे शहाणपण आहे.

भेगांवरून चकती नेताना यंत्र बिचकतं. जमीन जिथे आहे तिथे खनिज आहे, भेगेत हवा आहे. जुळवणी जमिनीसाठी केलेली, मध्येच जमीन नाही. ढेकळांच्या नांगरटीतही असाच त्रास. पाळी घातलेलं, दाबून बसलेलं रान सर्वांत बरं. हात सावकाश हलवायचा, चकतीची उंची बदलू द्यायची नाही आणि पन्नास पावलं गेलं की थांबून पुन्हा धडा करायचा. काही यंत्रं चालता-चालता स्वतःच जमिनीशी जुळवून घेत राहतात. जमीन पावलोपावली बदलते तिथे ते सोयीचं. पण एखाद्या शंकेच्या जागेवर चकती पुन्हा-पुन्हा फिरवत राहिलं, तर असं यंत्र त्या धातूलाच जमीन समजून वजा करून टाकतं. काका म्हणूनच शंकेच्या जागी ती सोय बंद करतात.

मृगानंतर त्याच आखाड्यावर गेलो, तेव्हा माती ओली होती आणि आकडे बदलले होते. ओल एकटी फारसं बिघडवत नाही, ओलीतला क्षार बिघडवतो. मांजरेच्या काठी उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन काही रानं चोपण झाली आहेत. पांढुरकी पापुद्री धरलेली, पाणी न मुरणारी. तिथे जमीन स्वतःच वीज वाहून नेते आणि यंत्राला समुद्रकाठच्या ओल्या वाळूसारखी वाटते. मॅग्नेटाइट आणि क्षार एकाच शेतात असले, तर एकासाठी जुळवलं की दुसरं सुटतं. अनेक वारंवारतांवर एकदम काम करणारी नवी यंत्रं यावर बऱ्यापैकी उतारा आहेत. दुसरा उतारा म्हणजे झटक्यात लहर सोडून क्षणभर थांबून ऐकणारी यंत्रं. तेवढ्यात मॅग्नेटाइटचा बराचसा आवाज विरलेला असतो आणि धातूचा मागे रेंगाळतो. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणपट्ट्यांत अशीच खनिजभारली जमीन आहे आणि तिथल्या यंत्रकारांनी या तंत्रावर फार मेहनत घेतली. पण ही यंत्रं खिळा आणि सोनं यांत फारसा भेद करत नाहीत. काळ्या रानात त्यांच्यामागे फिरणाऱ्याने दिवसभर पत्र्या आणि नांगराच्या फाळाचे तुकडे उकरायची तयारी ठेवावी.

पांढरी

आपल्याकडे शेताची जमीन काळी आणि गावठाणाची पांढरी. माणसं शेकडो वर्षं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळल्या, शेणामातीचे थर बसले, ती पांढरी. जुन्या गढ्या आणि ओसाड गावांची टेकाडं याच मातीची. माळवदावर पसरायला ही माती चांगली, म्हणून लोकांनी ती टेकाडांवरून उकरून नेली आहे.

पांढरीवर यंत्र नेलं, तर त्याची भाषाच बदलते. माती भाजली की तिच्यातलं लोह अधिक चुंबकीय होतं. चूल, आवा, वीटभट्टी, जळलेलं घर, सगळ्यांची खूण जमिनीत राहते. त्यातले अतिसूक्ष्म कण मॅग्नेटाइटसारखे लगेच प्रतिसाद देत नाहीत, जरा मागे पडतात. आणि मागे पडणं हीच तर यंत्राच्या लेखी धातूची ओळख. भाजक्या विटेचा तुकडा म्हणूनच यंत्राला फसवतो. गावठाणाच्या कडेला, आमच्या शेतकऱ्याच्याच वाड्याच्या परसात, काळ्या रानाची जुळवणी तशीच ठेवून चकती फिरवली, तर दर दोन पावलांवर आवाज आला. निघालं काय, तर विटांचे तुकडे आणि एक बेसॉल्टचा गोटा.

परसापुढे आम्ही गेलो नाही. टेकाडावर, गढीत, किल्ल्यात यंत्र नेणं हा आमचा हक्क नव्हता आणि ते कुणी करू नये, असं माझं ठाम मत आहे. कंधार, औसा, उदगीर हे किल्ले संरक्षित स्मारकं आहेत. तिथे परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हा आहे. खासगी शेतातही 1878 चा निखात निधी कायदा लागू होतो. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली, तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. मालक न निघाल्यास त्यात सापडणाऱ्याचा आणि जागामालकाचा वाटा कायद्याने ठरवलेला आहे. म्हणजे प्रामाणिक माणसाला घाबरायचं कारण नाही. हे गावागावांत कुणी समजावून सांगत नाही.

लातूरपासून जवळच, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात तगर नावाने ज्याचा उल्लेख येतो, ते हे गाव. तिथल्या मातीतून निघालेल्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि जपल्या. त्यांच्याच नावाने आज तेरला शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या कपाटांसमोर उभं राहिलं की कळतं, यातलं पुष्कळसं धातूचं नाहीच. माती, शंख, हस्तिदंत, मणी. चकतीच्या आवाजामागे धावणारा माणूस एका नाण्यासाठी हे सगळं फावड्याखाली मोडतो. नाणं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होतं हे गेलं, की त्या नाण्याची अर्धी कहाणी गेली.

आवाज विकणारे

आता गुप्तधनाकडे. धडा न केलेलं, जोर पुरता वाढवलेलं यंत्र बेसॉल्टच्या रानात कुठेही वाजतं. चकती जरा खाली नेली की वाजतं, गोट्यावर नेली की वाजतं. दांडा धरणाऱ्याला मनगटाच्या हालचालीने हवा तिथे आवाज काढता येतो. समोर कर्जात बुडालेला माणूस आहे. आजोबांनी रझाकारांच्या धामधुमीत काहीतरी पुरून ठेवलं, ही घरात ऐकलेली गोष्ट आहे. त्यात मशीन ‘बोललं’. मग पूजेचे पैसे, खोदायचे पैसे, पुन्हा पूजेचे पैसे. मला भेटलेल्या गावकऱ्यांनी अशा खड्ड्यांच्या जागा दाखवल्या, पण कुणाच्या खड्ड्यात किती गेले, ते बोलायला कुणी तयार नव्हतं. लाज त्यांना वाटते, ज्यांनी फसवलं त्यांना नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

याहून वाईट यंत्रं म्हणजे ज्यांना चकतीच नाही. हातात धरायची मूठ, पुढे डुलणारी अँटेना आणि शेकडो मीटरवरचं सोनं दाखवण्याचा दावा. असलं यंत्र भौतिकशास्त्राच्या कुठल्याही नियमाने चालू शकत नाही. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने याच जातीची ‘एडीई 651’ ही यंत्रं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकली. ती तिथल्या तपासणी नाक्यांवर वापरली गेली. आत काम करणारं काहीच नव्हतं. 2013 मध्ये त्याला ब्रिटनच्या न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यांनी ज्याच्यासाठी वर्षानुवर्षं झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा अखेर महाराष्ट्रात आला. गुप्तधनाच्या नावाने होणारी अघोरी कृत्यं त्याच्या कक्षेत येतात. पण मांत्रिकाच्या हातात लिंबाऐवजी मशीन असलं की लोकांना तो मांत्रिक वाटत नाही, तंत्रज्ञ वाटतो. त्यावर उपाय एकच, मशीन कसं फसतं हे लोकांना डोळ्यांनी दाखवणं. काका हे गावात करून दाखवतात. वाजलेल्या जागेची माती घमेल्यात भरून बाजूला नेतात, पत्र्याचा कणही नाही याची खात्री करून देतात आणि त्या मातीवर चकती पुन्हा वाजवतात.

मुरमाचं हेलिपॅड

पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकात काम केलेले एक निवृत्त हवालदार नांदेडला भेटले. मोठा पाहुणा येणार म्हणून एखाद्या शाळेच्या मैदानावर मुरूम टाकून हेलिपॅड केलं जातं आणि पथकाला ते तपासायचं असतं. ताजा मुरूम म्हणजे झिजलेला बेसॉल्टच, त्यात कच्चे गोटे. प्रत्येक गोटा आवाज देतो. छंदाने फिरणारा माणूस लोखंड नको म्हणून ते आवाज बंद करू शकतो. पथकाला ती मुभा नाही, खिळाही कळायलाच हवा. मग जमीन पुन्हा-पुन्हा जुळवत, दोरी लावून पट्ट्या पाडत, एकेक आवाज तपासत पुढे सरकायचं. सोबतीला श्वान असतो, टोचून पाहायची सळई असते आणि सर्वांत आधी डोळे असतात. मुरूम पसरायच्या आधीच खालची जमीन तपासून घेतली तर निम्मं काम हलकं होतं, पण वेळापत्रक तसं क्वचितच जमतं, असं त्यांनी सांगितलं.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलची गोष्ट मला त्यांच्याकडे बसल्यावर आठवली. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगात अडकलेली गोळी शोधायला बेलने यंत्र बनवलं आणि ते अपयशी ठरलं. खाली गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. हवालदारसाहेबांना गोष्ट सांगितली, तर ते लगेच म्हणाले, “आधी खाट तपासायला पाहिजे होती.”

देगलूरच्या बाजूला

शेवटी आम्ही ग्रॅनाइटवर गेलो. देगलूरच्या पुढे रानाचा रंग फिका होतो, मातीत चमकणारे कण दिसू लागतात, माळावर गोल गुळगुळीत शिळा उभ्या असतात. तिथे एका शेतकऱ्याला विहिरीपासूनची जुनी लोखंडी पाइपलाइन शोधायची होती. वडिलांनी पुरलेली, कुठून वळवली ते कुणालाच ठाऊक नाही आणि शेततळ्यासाठी जेसीबी सांगितलेला. धुऱ्यावर उभं राहून काकांनी चकती खाली-वर केली. पट्टी लोह्याला भरली होती, इथे तळाशी राहिली. जमीन जवळजवळ गप्प. खिशातला पैसा काळ्या रानात जेवढ्या खोलीवर अडखळत बोलला होता, त्याहून खोल पुरला तरी इथे स्वच्छ वाजला. काकांनी जोर वाढवला, मोठी चकती लावली आणि सगळे धातू ऐकू येतील असं ठेवलं.

विहिरीजवळ पाइप वर दिसत होता, तिथून सुरुवात केली. डावीकडून उजवीकडे चकती न्यायची, आवाज चढतो आणि उतरतो त्याच्या मधोमध खूण. शेतकऱ्याचा मुलगा मागून फक्की टाकत येत होता. चिंचेच्या झाडापाशी आवाज तुटला. काकांनी तिथे वर्तुळात फिरून पाहिलं, तर पाइप सरळ न जाता बांधाकडे वळला होता. पुढे पुन्हा एक वळण, मग टाकीपर्यंत सरळ. रस्त्याने जाणारे दोघेजण थांबून विचारून गेले, “सोनं लागलं का?” मुलाने त्यांना पाइपची रेघ दाखवली. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला, तेव्हा ड्रायव्हरने फक्कीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन हात जागा सोडून बकेट टाकली आणि शेततळं चिंचेच्या पलीकडे सरकवलं.